पाण्याची दुसरी वाट

हे मनन घाईत वाचू नका. जमले तर एक पेला पाणी भरून समोर ठेवा, आणि मगच पुढच्या ओळीकडे या. तहान लागली असली तरी पाणी लगेच पिऊ नका. तुम्ही उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरला राहत असाल तर पुढची सगळी वाट तुमच्या दारावरून जाते. दुसरीकडे राहत असाल तर गावांची आणि नद्यांची नावे बदलून घ्या.

दोन श्वास सावकाश घ्या. आता पेल्यातल्या पाण्याकडे पाहा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे काल कुठे होते?

टाकीत, असे मन म्हणेल. त्याच्या मागे जा. टाकीच्या मागे जलवाहिनी, जलवाहिनीच्या मागे शुद्धीकरण केंद्र, आणि त्याच्या मागे नदी. बदलापूरकरांचे पाणी उल्हास नदीवरच्या बॅरेज बंधाऱ्यातून येते. अंबरनाथला तिथूनच, जोडीला चिखलोली धरणाचे थोडे. उल्हासनगरला एमआयडीसीकडून, म्हणजे बारवी धरणातून नदीत सोडलेले आणि जांभूळजवळ पुन्हा उचललेले. 2011 च्या जनगणनेत या तीन शहरांत मिळून नऊ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. त्यानंतर बदलापूर किती वाढले, ते सकाळी सातच्या लोकलला उभे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. एवढ्या सगळ्यांच्या घशाखाली उतरणारे पाणी या एकाच खोऱ्यातले.

आता नदीच्या उलट दिशेने चला. बदलापूर मागे टाका, वांगणी, नेरळ, कर्जत. उल्हास मूळची राजमाचीच्या डोंगरातली, लोणावळ्याच्या बाजूच्या घाटमाथ्यावरून उतरणारी. पण क्षणभर एप्रिल महिना मनात आणा. घाटातले ओहळ आटलेले, शेते करपलेली, आणि तरीही उल्हासला पाणी आहे. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या कितीतरी नद्या उन्हाळ्यात डबक्यांवर येतात. ही वाहत राहते. कशी?

कर्जतजवळ हिला पेज नदी मिळते, आणि पेजेत येते भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी. 1922 साली टाटांनी मावळात आंध्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण बांधले, त्या तलावाचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून घाटाखाली आणले, आणि त्याच्या पडण्यावर भिवपुरीला वीज करायला सुरुवात केली. वीज मुंबईला गेली, पाणी खाली उरले. तेच आजही वर्षभर उल्हासमध्ये येत असते.

इथे थांबा. हे नीट मनात उतरू द्या. आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी. इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागराला. म्हणजे तुमच्या समोरच्या पेल्यात असे काही थेंब असू शकतात जे मावळातल्या एखाद्या डोंगरावर पडले तेव्हा आळंदीवरून, पंढरपूरवरून, पूर्व किनाऱ्याकडे निघाले होते. माणसाने त्यांना वळवले आणि घाटाखाली सोडले. ते तुमच्यापर्यंत पोचले.

या विचाराने कृतज्ञता वाटली तर ती वाटू द्या. थोडी धास्ती वाटली तरी चालेल. ज्या नदीला आपण निसर्गाची देणगी म्हणतो, तिचा उन्हाळा शंभर वर्षांपूर्वीच्या एका बांधकामावर उभा आहे.

दुसरी वाट बारवीची. मुरबाडच्या बाजूला डोंगरांत औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, हे धरण बांधले आणि टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवली. उंची वाढली तसे पाणी पसरत गेले. तोंडली, काचकोली, मोहघर ही नावे एकदा सावकाश उच्चारा. या गावांच्या शेतांवर आणि अंगणांवर आज पाणी आहे. तिथल्या माणसांनी उठून वाट दिली म्हणून खालच्या शहरांच्या टाक्या भरतात. पाण्याच्या किमतीत हे कधी धरले जात नाही, आणि ते धरले पाहिजे असे मला ठामपणे वाटते.

आता पेल्यातले एक घोट पाणी प्या. हळू.

डोळे मिटून पहिल्या पावसाच्या रात्रीची कल्पना करा. स्थळ बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या वाटेवरचा एखादा ओढा, किंवा बारवीच्या जंगलाच्या कडेची भातखाचरे. दिवसभर ढग दाटले, संध्याकाळी पाऊस कोसळला. तापलेल्या मातीतून वाफ निघते आहे. ओढ्याचे पाणी तांबडे, फेसाळलेले, बांधावरून उड्या मारत नदीकडे निघालेले. आणि त्या पाण्याच्या विरुद्ध, खालून वर, काहीतरी चढते आहे.

हे वलगणीचे मासे. ठाणे-रायगडच्या गावांत कुणालाही विचारा. पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे ओढ्यांतून, चरांतून वर भातशेतात चढतात. पोटात अंडी घेऊन. उथळ, कोमट, किड्या-शेवाळाने भरलेल्या खाचरात अंडी घालायची, आणि पाणी ओसरायच्या आत परतायचे. तळव्याएवढी मासळी हातभर उंचीच्या बांधावरून पुन्हा पुन्हा उडी घेते, पडते, वळते, पुन्हा घेते. कंदिलाच्या, आता मोबाइलच्या उजेडात तिचे पोट चांदीसारखे चमकते, आणि ते गच्च फुगलेले असते. गावोगाव या रात्री माणसे जाळी, टोपल्या, काठ्या घेऊन निघतात. वर्षानुवर्षांची ती मौज आहे आणि वलगणीच्या कालवणाची चव ज्याने घेतली त्याला ती विसरता येत नाही. तरीही या एका मासळीच्या पोटात पुढच्या हंगामाची शेकडो पोरे असतात. पूर्वी नदीत मासळी उदंड होती, थोडी कुणी नेली तरी उरत होती. आता वर चढणाऱ्या मासळीला खाली डोह राहिलेले नाहीत आणि वर खाचरे राहिलेली नाहीत; जिथे ती अंडी घालायची तिथे प्लॉट पडले आहेत. अशा काळात तरी चढणीच्या मासळीला हात लावू नये. उतरणीला, अंडी घालून झाल्यावर, पकडावी.

त्या माशाच्या जागी काही क्षण राहून पाहा. तुमच्या अंगाला नदीचा इतिहास ठाऊक आहे. कोणत्या पावसात निघायचे हे कुणी शिकवलेले नाही. तुम्ही वर चढता, आणि जिथे ओढा असायला हवा तिथे सिमेंटची भिंत लागते.

या खोऱ्याभोवतीच्या डोंगरांत आणखीही रहिवासी आहेत. माथेरानच्या परिसराला केंद्र सरकारने 4 फेब्रुवारी 2003 रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून संरक्षण दिले. पण क्षेत्राची रेषा कागदावर असते आणि बिबट्या कागद वाचत नाही. जानेवारी 2019 मध्ये उल्हासनगरच्या भर वस्तीत बिबट्या शिरला होता. त्याला बेशुद्ध करून नेण्यात आले. त्या वेळी सगळीकडे एकच प्रश्न होता, बिबट्या शहरात आला कसा. मलंगगड, ताहुली, चंदेरी, बारवी हे सारे रान एकमेकांना कुठे कसे जोडलेले आहे आणि त्या जोडाच्या जागी आपण काय बांधले आहे, हे नकाशावर बोट ठेवून एकदा पाहा. उत्तर मिळेल.

आणि जांभळे. मे-जूनच्या तोंडावर आसपासच्या पाड्यांवरच्या आदिवासी बाया टोपल्या घेऊन बदलापूर स्टेशनबाहेर बसतात, पानांवर रचलेली टपोरी जांभळे विकतात. तीच झाडे रात्री वटवाघळांची, उदमांजरांची असतात आणि पावसात काठची माती धरून ठेवतात. इमारतीसाठी जांभळाचे झाड तोडले की फळ जाते, बाईचा हंगाम जातो, काठ जातो. यातले एकही नुकसान बांधकामाच्या परवानगीत लिहिलेले नसते.

हातातला पेला आता रिकामा करा आणि बाजूला ठेवा. इथपर्यंतची वाट सुंदर होती. पाणी घरात येण्याची वाट आपल्याला निदान अर्धीमुर्धी ठाऊक असते, कारण नळ कोरडा पडला की आपण चौकशी करतो. पाण्याला दुसरीही वाट आहे. ती मोरीच्या जाळीपासून सुरू होते, आणि तिची चौकशी आपण करत नाही. नदी आपल्या घरातून दोनदा जाते: येताना पाणी म्हणून, जाताना सांडपाणी म्हणून. मननाचा पुढचा भाग या दुसऱ्या वाटेवर आहे. मन मागे ओढेल. त्याला सोबत घेऊन चला.

वालधुनीपासून सुरुवात करू. अंबरनाथच्या वरच्या अंगाला, काकोळे गावाजवळच्या डोंगरातून ती निघते. तिच्या उगमाजवळच एक जुना तलाव आहे. रेल्वेने इंग्रजांच्या काळात तो बांधला, वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून. लोक अजून त्याला जीआयपी टँक म्हणतात, त्या वेळच्या रेल्वे कंपनीच्या नावाने. आज त्याच तलावाचे पाणी शुद्ध करून रेल नीरच्या बाटल्यांत भरले जाते. फलाटावर तुम्ही विकत घेतलेली बाटली कदाचित वालधुनीचीच असेल.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे तुम्हाला कुणी सांगेल की वालधुनी हा नाला आहे. ती नदी आहे. अवघ्या तीसएक किलोमीटरची, पण नदी.

ती खाली येते आणि अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालते. मंदिरातल्या शिलालेखावर शके 982 आहे, म्हणजे इसवी सन 1060. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात ते पुरे झाले. मनाने तिथे उभे राहा. काळा दगड, त्यावर तसूभर जागा न सोडता कोरलेल्या मूर्ती. आत गेलात की गाभारा समोर येत नाही. पायऱ्या उतरून खाली जावे लागते. जवळपास वीस पायऱ्या. पायाखालचा दगड गार होत जातो, उजेड कमी होतो, आणि वर पाहिले तर आकाश दिसते. ज्यांनी हे बांधले त्यांनी नदीकाठची ही जागा विचार करून निवडली असणार. माणूस देवाकडे जाण्याआधी पाण्यापाशी थांबेल, हात-पाय धुईल, हे त्यांनी गृहीत धरले असणार.

आता बाहेर या आणि वालधुनीच्या काठावर उभे राहा. आधी वास येतो. नाक दाबू नका, निदान मनातल्या मनात तरी. वास ओळखायचा प्रयत्न करा: मैल्याचा एक थर, त्यावर काहीतरी तिखट, डोळ्यांना झोंबणारे. मग रंग. काठाच्या दगडांवर काळपट लेप. पाण्याच्या मंद जागी बुडबुडे वर येतात आणि फुटतात. तळाच्या गाळात प्राणवायू उरलेला नाही म्हणून ते येतात. अशा पाण्यात मासा जगत नाही. साडेनऊशे वर्षे टिकलेल्या दगडाच्या शेजारी पाणी काही दशकांतच असे झाले.

महाशिवरात्रीला इथे लाखो माणसे येतात. या सगळ्यांनी एकदा दर्शन झाल्यावर नदीकडे तोंड करून पाच मिनिटे उभे राहावे, असे मला फार वाटते.

पुढे उल्हासनगर. हे शहरच नदीच्या नावाचे. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांच्या बराकींत येऊन राहिली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची कोनशिला बसवली. सिंधू नदीचा प्रदेश कायमचा सुटलेल्या माणसांनी दुसऱ्या एका नदीकाठी संसार मांडला. सुमारे 13 चौरस किलोमीटरांत पाच लाखांहून अधिक लोक, आणि जवळजवळ प्रत्येक गल्लीत काही ना काही बनत असलेले. या कष्टाचा आदर बाळगूनच पुढचे वाचा.

जीन्सची एक पँट मनात आणा. गुडघ्यावर फिकट, जुनी वाटावी अशी केलेली. तो फिकेपणा रसायनांनी आणि भरपूर पाण्यात धुऊन आणला जातो. वर्षानुवर्षे उल्हासनगरच्या धुलाई कारखान्यांतले हे निळे पाणी प्रक्रिया न होता नाल्यांत आणि तिथून वालधुनीत जात राहिले. अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांचे पाणीही याच वाटेने. नोव्हेंबर 2014 मध्ये टँकरमधून वालधुनीत सोडलेल्या रसायनामुळे उल्हासनगरात विषारी वायू पसरला आणि झोपेतली माणसे घुसमटून उठली. कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. टँकर कुणाचा, हा पोलिसांचा विषय. आपल्या मननाचा विषय हा की टँकर रिकामा करण्यासाठी कुणालातरी नदी ही सोयीची जागा वाटली, आणि तिच्या काठावर झोपलेली माणसे त्याला आठवली नाहीत.

वनशक्ती या संस्थेने उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्यांसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि उल्हासनगरातले जीन्स धुलाईचे कारखाने बंद करावे लागले. नदीचा श्वास थोडा मोकळा झाला. त्याच वेळी हजारो हातांचे काम गेले, आणि काही धंदा आजूबाजूच्या गावांकडे सरकला. ही गोष्ट मनात दोन्ही बाजूंनी धरून ठेवा, सोपी करू नका. निळ्या पाण्यात दिवसभर हात घालून उभा राहणारा कामगार हा नदीचा शत्रू नव्हता. विष आधी त्याच्याच कातडीत गेले. सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याचा खर्च ज्यांनी वाचवला, तो खर्च कामगाराने आणि नदीने भरला.

कारखाने बंद झाले म्हणून आपली सुटका होत नाही. तिन्ही शहरांतले मैलापाणी, साबण, तेल, प्लास्टिक कुठल्या ना कुठल्या नाल्याने खाली येतच असते. उल्हासनगरचा खेमाणी नाला तर उल्हास नदीत ज्या भागात मिसळत होता, त्याच भागातून शहरांसाठी पिण्याचे पाणी उचलले जाते. उन्हाळ्यात नदीवर पसरणारी जलपर्णीची हिरवीगार गादी पाहून लांबून बरे वाटते. ती आपल्याच सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलेली असते, आणि खालच्या पाण्याचा उजेड आणि हवा तोडते.

अजून थोडे खाली चला. कल्याणच्या पुढे पाणी खारे होऊ लागते, भरती-ओहोटी जाणवते. काठाला तिवरांची झाडे येतात. ओहोटीच्या चिखलावर निवट्या, हे चिखलातले मासे, सरपटत, मध्येच उड्या मारत फिरतात. ठाण्याच्या अंगाला उल्हासच्या पाण्याच्या दोन वाटा होतात: मोठी वसईच्या खाडीकडे, लहान ठाण्याच्या खाडीकडे. त्या ठाणे खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे उतरतात. 2015 मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, 2022 मध्ये खाडीला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. गुलाबी पंखांची छायाचित्रे आपण एकमेकांना पाठवतो. ती पाठवताना हेही लक्षात असू द्या की या पक्ष्यांचे खाद्य असलेले शेवाळ सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर वाढते. थवे मोठे आहेत म्हणून पाणी निर्मळ आहे असा अर्थ काढता येत नाही. पक्षी चिखलात डोके उलटे घालून, चोचीने गाळून खातात. गाळात जे असेल ते त्यांच्या पोटात जाते. त्या गाळात कपभर का होईना, अंबरनाथच्या मोऱ्यांचे, उल्हासनगरच्या नाल्यांचे, बदलापूरच्या सोसायट्यांचे पाणी आहे. आणि त्यापुढे अरबी समुद्र.

आता परत या. घरात, स्वतःच्या जागेवर. या सगळ्या वाटेवर कुठे राग आला, कुठे लाज, कुठे माया, ते आठवा. त्यांतले काही झटकून टाकू नका. रागाने पत्र लिहिता येते, मायेने ते पाठपुरावा होईपर्यंत लिहीत राहता येते.

नदी स्वतःची बाजू वेळोवेळी सांगत असतेच. 26 जुलै 2005 च्या महापुरात तिने सांगितली. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी काढावे लागले, तेव्हाही सांगितली. पाटबंधारे खाते पूररेषा आखते: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषांच्या आतली जागा नदीची आहे. घर घेताना दहा वेळा कार्पेट एरिया विचारणाऱ्यांनी एकदा पूररेषाही विचारावी.

उठण्याआधी एक काम ठरवून घ्या. तुमच्या इमारतीचे सांडपाणी कोणत्या नाल्याला मिळते, त्यावर कुठे प्रक्रिया होते, की होतच नाही, हे शोधा. सोसायटीच्या सचिवांना विचारा, नगरसेवकांना विचारा, नगरपालिकेत लेखी विचारा. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार आहे. 2005 पासून तो कायद्याने तुमचा आहे. नाल्याचा रंग एखाद्या सकाळी बदललेला दिसला तर तारीख-वेळेसह फोटो काढून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा, आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. येत्या पावसाळ्यात वलगण चढेल तेव्हा चढणीची मासळी न पकडण्याबद्दल गावाकडच्या मंडळींशी भांडण न करता बोला. एकट्याने जमत नसेल तर शेजारच्या दोन घरांना सोबत घ्या. उल्हास आणि वालधुनीसाठी आजवर जे थोडेफार झाले आहे ते अशाच, न कंटाळता विचारत राहिलेल्या माणसांमुळे झाले आहे. त्यांची संख्या वाढली पाहिजे, आणि ती तुमच्यापासून वाढू शकते.